डी.एड.च्या पोरी ‘संशोधन’ करतात म्हणजे नेमकं काय करतात?

११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवायला बी.एड. ही पात्रता चालणार नाही. लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं आणि ते बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या डी.एल.एड. या पदविकेत मिळतं, असा त्यामागचा विचार. (नाव बदलून बरीच वर्षं झाली, तरी आपल्याकडे सगळे ‘डी.एड.’च म्हणतात. मीही तेच म्हणतो.) शिक्षकभरती थांबली तेव्हा ओस पडलेल्या अध्यापक विद्यालयांबद्दल त्यानंतर लोक पुन्हा विचारायला लागले. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांमध्ये ‘बारावीनंतर पोरीला डी.एड.ला टाकू का’ हा प्रश्न परत ऐकू यायला लागला.

पोरगी दुसऱ्या वर्षाला जाते आणि एक दिवस घरी सांगते, ‘मला कृतिसंशोधन करायचंय.’ बापाला वाटतं, संशोधन म्हणजे प्रयोगशाळा, पीएच.डी., पांढरा कोट. एकोणीस-वीस वर्षांची पोर पारोळ्याच्या नाहीतर साक्रीच्या शाळेत जाऊन कसलं संशोधन करणार? प्रश्न रास्त आहे. तो कधीकधी शिकवणाऱ्यांनाही पडतो, पण ते बोलून दाखवत नाहीत.

कृतिसंशोधन म्हणजे काय

आपल्याच वर्गातली एक ठरावीक अडचण निवडायची, तिचं कारण शोधायचं, त्यावर एक उपाय करून बघायचा, काय झालं ते नोंदवायचं आणि त्या नोंदीवरून पुढचं पाऊल ठरवायचं. एवढंच कृतिसंशोधन. ज्याची अडचण, तोच शोधणारा आणि तोच उपाय करणारा.

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागायतदाराला हे समजावून सांगायला लागत नाही. जळगावच्या केळी संशोधन केंद्राची खताची शिफारस त्याच्याकडे असते. ती अनेक प्लॉटवर तपासलेली, सगळ्यांसाठी दिलेली. पण त्याच्या बागेत विहिरीकडच्या चार ओळींचीच पानं पिवळी पडत असतील, तर शिफारशीचा कागद तिथे फार पुरत नाही. तो खाली बसून माती हातात घेतो, ठिबकची नळी तपासतो, दोन ओळींचं पाणी कमी करून बघतो आणि दोन तशाच ठेवतो. पंधरा दिवसांनी त्याला काहीतरी कळतं. त्याने ‘केळी पिवळी का पडतात’ या प्रश्नाचं जगासाठी उत्तर शोधलेलं नसतं. त्याच्या चार ओळी का पिवळ्या पडल्या, ते शोधलेलं असतं.

हे आलं कुठून

कुर्त लेविन नावाचे मानसशास्त्रज्ञ जर्मनीतून अमेरिकेत गेले होते. त्यांनी १९४६ मध्ये या पद्धतीवर लेख लिहिला. तो शाळेबद्दल नव्हता, अल्पसंख्याकांच्या प्रश्नांबद्दल होता. ज्या संशोधनातून फक्त पुस्तकं निघतात ते पुरेसं नाही, असं त्यांचं म्हणणं. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ही कल्पना शाळेत आणली. शिक्षकाने दुसऱ्याचं संशोधन नुसतं वाचण्यापेक्षा स्वतःच्या कामाचा शोध घेतला, तर त्याचं शिकवणं जास्त बदलतं, असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे शिक्षक-प्रशिक्षणाच्या २००९ च्या राष्ट्रीय आराखड्याने स्वतःच्या कामाकडे मागे वळून बघणारा शिक्षक घडवण्यावर भर दिला. इतिहास एवढा पुरे.

एका वजाबाकीचा माग

समजा, चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत एक छात्राध्यापिका, म्हणजे डी.एड. करणारी मुलगी, आंतरवासितेला गेली आहे. आंतरवासिता म्हणजे प्रत्यक्ष शाळेत राहून शिकवण्याचा काळ. तिच्याकडे तिसरीचा वर्ग आहे. ती विषय लिहून आणते: ‘तिसरीच्या विद्यार्थ्यांना गणितात येणाऱ्या अडचणी व उपाय : एक अभ्यास’. मार्गदर्शक सर तो खोडतात. गणितात म्हणजे कशात? वजाबाकीत. कसल्या वजाबाकीत? हातच्याच्या. किती अंकी? दोन अंकी. विषय असा सोलून सोलून हातात मावेल एवढा करणं हे पहिलं काम, आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

मग ती फळ्यावर ४३ − १८ देते. उत्तर २५. निम्म्या वर्गाच्या वहीत ३५. तिला वाटतं, सगळ्यांची चूक एकच आहे, हातचा पुन्हा शिकवला की झालं.

सर सांगतात, शिकवू नको, आधी विचार. ती एकेकाला शेजारी बसवते आणि म्हणते, ‘तू कसं केलंस ते मला मोठ्याने बोलून दाखव.’ पहिला पोरगा म्हणतो, ‘मॅडम, तीनातून आठ जात नाही, म्हणून आठातून तीन काढले.’ पाच. चारातून एक गेला, तीन. पस्तीस. दुसरी मुलगी म्हणते, ‘तेरातून आठ गेले, पाच. चारातून एक गेला, तीन.’ तिचंही पस्तीसच.

उत्तर एक, चुका दोन. पहिल्याला दशक मोडून सुटे करता येतात हेच माहीत नाही. जात नाही ना, मग उलटं काढा, असा त्याने स्वतःपुरता नियम बनवला आहे, आणि तो नियम तो नेमाने पाळतो. दुसरीला हातचा कळला आहे, फक्त दशकातून एक घेतला हे ती पुढच्या पायरीला विसरते. दोघांना एकच उपाय दिला तर एकाचा वेळ वाया जाणार.

या छात्राध्यापिकेच्या हे लक्षात आलं, तर तिला दुसरीही गोष्ट कळते: तिने दिलेलं उदाहरणच वाईट होतं. ८ आणि ३ मधला फरक ५ असल्यामुळे दोन्ही चुकांचं उत्तर सारखंच येतं. ५२ − २७ दिलं असतं तरी तेच झालं असतं. त्याऐवजी ४२ − १८ द्यावं. बरोबर उत्तर २४. उलटं काढणाऱ्याचं ३६ येईल, विसरणारीचं ३४. आता नुसती वही बघून कळतं कोण कुठे अडलंय. एवढी एक गोष्ट कळली तरी मी म्हणेन की पोरीचं दोन वर्षांचं शिक्षण बऱ्यापैकी वसूल झालं. कितीतरी वर्षं नोकरी केलेले लोक अजून पस्तीसवर लाल फुली मारून पुढे जातात.

इथून पुढचा भाग कृतिसंशोधनाच्या अहवालाच्या फायलींमध्ये असतो तसा. ती एक अंदाज मांडते. याला ‘कृतिगृहीतक’ म्हणतात: अमुक केलं तर तमुक होईल, असं तपासता येईल असं विधान. ‘तुरीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे मुलांनी स्वतः सोडून वजाबाकी केली, तर उलटं काढण्याची चूक कमी होईल.’ रबरबँड, काड्या, आठवडाभर रोज थोडा वेळ. उपायाआधी घेतली ती पूर्वचाचणी, नंतर घेतली ती उत्तरचाचणी.

आणि उत्तरचाचणीत समजा असं दिसलं: हातात काड्या असताना पोरं झकास वजाबाकी करतात. काड्या काढून घेतल्या, कागद दिला, की पुन्हा ३६.

इथे फायलींचे दोन रस्ते होतात. बहुतेक फायली इथे थोडी ‘दुरुस्ती’ करतात, आकडे जरा वर सरकतात आणि ‘गृहीतक सिद्ध झाले’ असं लिहून बाइंडिंगला जातात. क्वचित एखादी मुलगी म्हणते, नाही झालं. काडी आणि कागद यांचा संबंध पोरांच्या डोक्यात जुळलेलाच नाही. मग दुसरी फेरी: गठ्ठा सोडला की त्याच क्षणी वहीत ४ खोडून ३ लिहायचं, आणि सुट्यांच्या जागी १२. प्रत्येक हालचालीला एक लेखी खूण. हळूहळू काड्या कमी. मग ४० − १७ दिलं की शून्याची नवी अडचण वर येते. ती तिसरी फेरी.

कृतिसंशोधन असं फेऱ्यांनी चालतं. एका फेरीत ‘सिद्ध’ होऊन संपणारं काम बहुधा झालेलंच नसतं.

कारणं लिहिताना

फायलीत ‘समस्येची कारणे’ असं एक पान असतं. खानदेशातल्या कुठल्याही कोपऱ्यातली फाइल उघडा, यादी ठरलेली: पालकांची उदासीनता, पालक निरक्षर, घरी अभ्यासाचं वातावरण नाही, गरिबी, गैरहजेरी. यातलं काही खोटं नाही. दिवाळीनंतर धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण छात्राध्यापिका यातलं काय बदलणार? ज्या कारणाला हात लावता येत नाही, त्याच्यावर उपाय ठरवता येत नाही. म्हणून नियम साधा: यादीतलं निदान एक कारण तरी शिकवण्यातलं असलं पाहिजे. मी घाई केली का, उदाहरण कसं दिलं, मूल कोणत्या पायरीला थांबलं. हे लिहायला जड जातं. आईबापांना दोष देणं सोपं, ते फायलीला उत्तर द्यायला येत नाहीत.

चाचणी नेमकं काय मोजते?

आपल्याकडे ‘ळ’चा ‘य’ होतो. शाळा ‘शाया’, काळा ‘काया’, केळं ‘केयं’. अहिराणी बोलणाऱ्या घरात हे होतं आणि लेवा पाटलांच्या बोलीतही होतं. बहिणाबाईंच्या कवितेत डोळ्यांचे ‘डोये’ होतात आणि आपण ते वाचून डोलतो.

आता पहिली-दुसरीची वाचनाची चाचणी घ्या. कार्डावर छापलंय ‘शाळा’. पोरगं वाचतं, ‘शाया’. छात्राध्यापिका तक्त्यात फुली करते: ‘ळ’ हे अक्षर ओळखता येत नाही. उपाय म्हणून त्याला ‘ळ’ दहा वेळा गिरवायला लावते. पण त्याने अक्षर ओळखलं होतंच, म्हणून तर ‘शाया’ म्हणाला. नसतं ओळखलं तर अडला असता, नाहीतर भलतंच काही म्हणाला असता. ही उच्चाराची गोष्ट आहे, वाचनाची नाही. खात्री करायची तर दोन कार्डं पुढे ठेवा, ‘काळा’ आणि ‘काया’, आणि म्हणा, ‘कावळ्याचा रंग कुठल्या कार्डावर लिहिलाय?’ बरोबर कार्ड उचललं की प्रश्न मिटला.

सातपुड्यातल्या शाळेत हा घोळ आणखी मोठा. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला मराठीत सूचना दिली आणि तो गप्प राहिला, तर त्याला गणित आलं नाही की सूचना कळली नाही, हे चाचणी सांगत नाही. तिथे पूर्वचाचणीच्या आधी सूचना त्याच्या बोलीत सांगणारं कोणीतरी, बहुतेक वेळा चौथीतलं एखादं पोर, शेजारी बसवावं लागतं.

अंकांचंही थोडं असंच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेपन्नला पर्याय म्हणून ‘पन्नास तीन’ असं वाचन सुचवलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. मुद्दा असा की मराठीत त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतो आणि लिहिताना पाच आधी, त्यामुळे काही मुलं ३५ लिहितात. टीव्हीवर मंडळी भाषा बुडाली म्हणून भांडली. आपल्या वर्गातली कोणती मुलं खरंच उलटं लिहितात, आणि त्यांना ‘पन्नास तीन’ म्हणून काही फरक पडतो का, हे बघायला एक वर्ग आणि दोन आठवडे पुरेत. ते भांडणाइतकं रंगत नाही, एवढंच.

आठ-दहा पोरांवर कसलं संशोधन?

हा आक्षेप नेहमीचा. इतक्या थोड्या मुलांवरून सगळ्या महाराष्ट्राला लागू होईल असं काही सिद्ध होत नाही, हे शंभर टक्के खरं. कृतिसंशोधनाने तसा दावा करायचाच नसतो. फायलीच्या शेवटी ‘सदर उपाय राज्यातील सर्व शाळांसाठी उपयुक्त आहे’ असं वाक्य दिसलं, की बाईंना संशोधन कळलेलं नाही असं खुशाल समजावं. ‘या वर्गात, या मुलांपुरतं, असं दिसलं’ एवढंच लिहायचं.

मोठ्या सर्वेक्षणांची गरज याने संपत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्राने निपुण भारत अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावं, आणि ते २०२६-२७ पर्यंत साधावं, हे त्याचं ध्येय. कुठल्या जिल्ह्यात किती मुलं मागे आहेत ते मोठ्या चाचण्या सांगतात. पण तिसऱ्या बाकावरची ती मुलगी दशक कमी करायला विसरते, हे त्यातून कधीच दिसणार नाही. ते बघायला तिच्या शेजारी बसणारं माणूस लागतं.

उपायामुळेच सुधारलं कशावरून?

हा त्याहून टोकदार प्रश्न, आणि मला तो आवडतो. नवी मॅडम आली, तिने जवळ बसवलं, लक्ष दिलं, त्यानेही पोरं सुधारतात. शिवाय तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली तर गुण वाढणारच.

पूर्ण बंदोबस्त होत नाही, थोडा होतो. उत्तरचाचणीत आकडे बदलावेत. ज्यावर उपाय केलाच नाही असं एखादं कौशल्य, समजा घड्याळ वाचणं, दोन्ही वेळा तपासावं. वजाबाकीबरोबर घड्याळही तेवढंच सुधारलं असेल, तर श्रेय काड्यांना देऊ नये. तीन आठवड्यांनी, न सांगता, तीच गोष्ट पुन्हा एकदा बघावी. वर्गशिक्षकांना विचारावं.

आणि गैरहजर मुलांकडे बघावं. पूर्वचाचणीला बारा मुलं होती, उत्तरचाचणीला आठच उरली, चार ऊसतोडीला गेली. जी गेली ती बहुधा आधीही अधूनमधून गैरहजर असणारी, म्हणून मागे पडलेली. ती यादीतून गळली की वर्गाची सरासरी काहीही न करता वर जाते. कागदावर सुधारणा दिसते, झालेली नसते. म्हणून जी आठ दोन्ही वेळा होती त्यांचीच तुलना करायची, आणि गेलेल्या चौघांचं काय झालं ते वेगळं लिहायचं.

तयार फाइल मिळते, मग कशाला मरायचं?

मिळते. झेरॉक्सच्या दुकानात मिळते, व्हॉट्सॲपवर फिरते, आता तर मोबाइलला सांगितलं की तोही लिहून देतो. शाळेचं नाव बदला, विद्यार्थ्यांची संख्या बदला, स्पायरल मारा. टक्केवारीचे स्तंभालेखही रंगीत.

यात पोरींनाच दोष देऊन भागत नाही. ज्या तोंडी परीक्षेत ‘निष्कर्ष काय आला’ एवढंच विचारतात, आणि ‘गृहीतक सिद्ध झालं नाही’ म्हणणाऱ्या मुलीचे गुण कापतात, तिथे तयार फाइल हा शहाणपणाचा निर्णय ठरतो. माझं ठाम मत आहे की फसलेल्या पहिल्या फेरीला गुण द्यायला सुरुवात केली, की अर्धी नक्कल आपोआप थांबेल. कारण यश उचलता येतं, पण ‘काय फसलं आणि का’ हे दुसऱ्याच्या फायलीतून उचलून तोंडी सांगणं कठीण. परीक्षकाने एक प्रश्न विचारावा: ‘मुलांच्या मूळ वह्या दाखव, आणि यातल्या एका मुलाने हे उत्तर कसं काढलं ते मला सांग.’ खरी फाइल असेल तर मुलगी थांबतच नाही. नसेल तर एका मिनिटात कळतं.

वह्या दाखवताना मुलांची नावं झाकलेली असावीत. फायलीत ‘विद्यार्थी क’ पुरतं. ‘ढ’, ‘मतिमंद’, ‘अमुक समाजातील असल्याने’ असले शेरे तर येताच कामा नयेत, आणि येतात, म्हणून सांगतोय.

नोकरी लागल्यावर कोण करतंय?

दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात मतदार यादीचं काम, सर्वेक्षण, रोज काहीतरी ऑनलाइन भरायचं, फोटो टाकायचा. या माणसाला ‘कृतिसंशोधन करा’ म्हटलं तर तो हात जोडेल. त्याचं चुकत नाही. पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, आलेख, पाच प्रकरणं हा डी.एड.चा सगळा थाट नोकरीत कोणी करत नाही आणि करूही नये.

उरायची ती सवय. ३६ दिसलं की फुलीच्या आधी ‘कसं केलंस?’ हे दोन शब्द. वर्षात एकच अडचण, एक पातळ वही, तारीख आणि दोन ओळी. ज्यांना पुढे जायचंय त्यांच्यासाठी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था म्हणजे डाएट आहे, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा आहे. बाकीच्यांना वही पुरे.

आंतरवासितेतल्या मुलींना मात्र एक काम लगेच करता येईल, आणि ते अभ्यासक्रमात असो-नसो करावं. फाइल विद्यालयात जमा होते, कपाटात जाते, काही वर्षांनी रद्दीत. शाळा सोडताना त्यातलं एक पान हाताने लिहून वर्गशिक्षकांना द्यावं: कोणतं मूल उलटं काढतं, कोण दशक विसरतं, कोणाला शून्य आलं की अडतं, काड्यांचे गठ्ठे कुठल्या खोक्यात ठेवलेत.